बीटाचा डाग

नलू सिस्टर खोटं बोलत नसे, हे ग्वाल्हेरच्या माधवगंजात कोणीही सांगेल. माझ्याशी मात्र ती एकदा खोटं बोलली. ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. तरी आम्ही दोघी आफ्रिकेला गेलो. आता ती नाही. लोक माझ्याकडे येऊन तिच्या आठवणी विचारतात, चांगल्या चांगल्या सांगा म्हणतात. मला जशा आठवतात तशा सांगते.

ती मुरारच्या एका दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाली तरी ‘सिस्टर’ हे नाव सुटलं नाही. साडीवर कापडी बूट, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, केस इतके घट्ट बांधलेले की कपाळ ओढल्यासारखं दिसे. कोणी भेटलं की नमस्कार नंतर. आधी ती अंगठ्याने त्या माणसाची खालची पापणी ओढून पाही. आत लाल असलं तर सोडून देई. फिकं असलं की भर रस्त्यात हजेरी घेई. आमच्या आळीतल्या एका लग्नात तिने स्टेजवर चढून नवरीची पापणी ओढली. फोटोवाला थांबला. सिस्टर नवरीच्या आईला म्हणाली, “दागिने पुरे झाले. हिला गूळ-शेंगदाणे घाला, पोरगी पांढरी पडलीय.” नवऱ्याकडची माणसं बाहेरगावची होती. त्यांना वाटलं ही कोणी मानाची आत्या असेल. त्यांनी तिला साडी दिली. तिने घेतली.

तिची माझी ओळख तशी जुनी, पण मैत्री झाली ती भांडणातून. आमच्या मराठी घरांत बाजूला बसायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. बाहेर कोणी कबूल करत नाही. मुली कॉलेजात जातात, स्कूटी चालवतात, आणि चार दिवस घरात वेगळ्या चटईवर बसतात. त्यांची फडकी छतावर वाळतात ती परकराखाली, साडीच्या घडीत, उन्हाची तिरीपही लागणार नाही अशी. ती ओलसर राहतात, त्यांना वास येतो, मग खाज सुटते, मग जखमा होतात. सिस्टरने हे दवाखान्यात जन्मभर पाहिलं होतं. रिटायर झाल्यावर ती छतांवर हिंडायला लागली. आमची छतं एकमेकांना लागून आहेत. एक दिवस ती कठडा ओलांडून आमच्या छतावर आली, दोरीवरचा माझ्या सुनेचा परकर उचलला आणि खालचं फडकं उघडं केलं.

मी वर गेले. “अगं ए सिस्टर, हे काय चाललंय?”

“ऊन दाखवतेय.”

“सगळ्या आळीला दिसेल.”

“दिसू दे. आळीतले पुरुष काय आकाशातून पडलेत?”

“आमच्या घरात हे चालत नाही.”

“तुमच्या घरात खाजवत बसलेलं चालतं का?”

मला राग आला. माझी सून जिन्यात तोंडाला पदर लावून हसत होती, त्याचा जास्त आला. दुसऱ्या दिवशी सिस्टर फलालिनीचा तुकडा घेऊन माझ्या शिवणाच्या मशीनपाशी उभी. म्हणाली, “कमल, तुझी जीभ वाकडी आहे पण शिवण सरळ येते. हे शिवून दे.”

असं ते काम सुरू झालं. वर सुती कापड, आत फलालिनीचे तीन थर, दोन्ही बाजूंना पंख, पंखांना टिचबटण. धुवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा वापरायचं. प्रत्येक नवा नमुना सिस्टर स्वतः तपासायची. बीट किसून रस काढायची, तो मापाने नमुन्यावर ओतायची, नमुना घालून टेम्पोने किला गेटला जायची आणि तिथून पायी किल्ला चढून उतरायची. परत आली की सांगायची, “डावीकडून गळतं. पंख रुंद कर.” एकदा चढणीवर कोणा बाईने तिच्या साडीवरचा डाग पाहून हळूच कानात सांगितलं. ही मोठ्याने म्हणाली, “बीट है, बहनजी. सलाद वाला.” ती बाई अर्ध्या वाटेतून परत फिरली.

घरी आल्यावर तो नमुना ती धुऊन माझ्याकडे देई. मी तो उसवून कुठल्या थरापर्यंत ओल गेली ते बघत असे.

तिची भाची ऋचा दिल्लीच्या एका संस्थेत नोकरीला. ती संस्था टांझानियात शाळेतल्या मुलींसाठी असे पॅड शिवायला शिकवणार होती. तिथल्या पुष्कळ मुली त्या दिवसांत शाळेतच येत नाहीत, आणि मग हळूहळू शाळाच सुटते. ऋचाने मावशीचं काम आपल्या साहेबांना दाखवलं. सिस्टरने समजावून सांगायचं, मी शिवणं शिकवायचं, ऋचाने बरोबर येऊन भाषेचं बघायचं, असं ठरलं. मी म्हटलं, “मला इंग्रजी येत नाही.” सिस्टर म्हणाली, “मशीनला तरी कुठे येतं.” आदल्या वर्षी एकदा हे जाणं ठरून मोडलं होतं. तेव्हा सिस्टर आठ दिवस कोणाशी धड बोलली नव्हती. या वेळी माघात निघायचं होतं.

संक्रांतीच्या आधी तिने मला शेवटचा नमुना दिला. मी तो उसवला. दुसऱ्या थराला डागाची कडा होती, तपकिरी.

बीटाचा डाग मला पाठ झाला होता. साबण लागला की तो पिवळट होतो आणि दोन धुण्यांत जातो. कडा धरून राहत नाही.

“सिस्टर, हे बीट नाही.”

“बीटच आहे. शिळं होतं.”

“मी चार पोरी वाढवल्यात. मला शिकवू नकोस. तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली?”

“तू डॉक्टर कधी झालीस?”

“कधीपासून जातंय ते सांग.”

ती माझ्या कपडे बेतायच्या पाटावर बसली. मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिली. “दिवाळीपासून. रोज नाही.”

“हे काय असतं ते तुला माहीत आहे.”

“तुझ्याहून जास्त माहीत आहे. आल्यावर दाखवते. आत्ता दाखवलं तर मला खाटेवर टाकतील आणि हे पुन्हा मोडेल. महिना-दीड महिन्याने काही बिघडत नाही.”

“आणि बिघडलं तर?”

“तर माझं बिघडेल. कमल, तू कोणाजवळ बोललीस तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.”

मी कोणाचं काही पोटात ठेवणारी बाई नाही. विहिणीला तिच्या घरात बसून सुनावलेलं आहे. हे मात्र ठेवलं. लोकांना नंतर मी ‘मैत्रीखातर’ असं सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. मलाही जायचं होतं. मी आग्र्याच्या पुढे कधी गेले नव्हते आणि ती नसती तर मला कोणी नेलं नसतं.

संस्थेला तब्येतीचा कागद लागत होता. सिस्टर तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरकडे गेली. त्याने चहा मागवला, जुन्या दिवसांच्या गप्पा मारल्या आणि न तपासता सही केली. कागद माझ्यासमोर हलवत ती म्हणाली, “नर्सला कोण तपासतं.” हसली नाही.

विमानात तिने कडेची जागा मागून घेतली. दर थोड्या वेळाने पिशवी घेऊन उठायची. किती वेळा उठली ते मी मोजलं नाही. मोजायचं नाही असं मी ठरवलंच होतं.

आम्ही उतरलो ते गाव एका मोठ्या तळ्याकाठी आहे. तळं म्हणजे पलीकडचा काठ दिसत नाही असं. एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे, लाल माती, आणि शाळेच्या पत्र्यावर कंबरेएवढ्या उंचीचे टकले पक्षी, गळ्याखाली पिशवी लोंबणारे. ते उडत नसत. पाय रोवून खाली बघत उभे राहत. मला ते आवडले नाहीत. सिस्टर म्हणाली, “आमचे मोठे डॉक्टरसाहेब राउंडला यायचे ना, डिट्टो तसेच.”

शाळेत सहा मशिनी होत्या. नीमा नावाची तिथली शिवणाची बाई आमच्या हाताखाली होती. खरं म्हणजे आम्हीच तिच्या हाताखाली होतो. मी बोलायचे ते ऋचा नीमाला इंग्रजीत सांगे, नीमा मुलींना तिथल्या भाषेत सांगे. दोन दिवसांनी माझं शिवणकाम ऋचाशिवाय चालायला लागलं. हात दाखवला की मुलींना कळे. सिस्टरचं काम मात्र बोलण्याचं होतं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, फडकी वाळवता कुठे?

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. नीमाने सांगितलं, गादीखाली. बाहेर वाळवलं आणि कोणी ते उचललं तर करणी करतो, मग मूल होत नाही.

सिस्टर म्हणाली, “सांग त्यांना, आमच्याकडे त्यावर सापाची नजर पडते.”

नीमाने ते सांगितलं आणि वर काहीतरी विचारलं. ऋचा हसत म्हणाली, “मावशी, ती विचारतेय, तुमच्या सापांना दुसरं काही काम नाही का?”

सगळा वर्ग हसला. सिस्टर त्यांना बाहेर घेऊन गेली, झाडांना दोरी बांधली आणि नवी शिवलेली फडकी त्यावर घालायला लावली. तिथल्या भाषेत उन्हाला जुआ म्हणतात. ती टाळ्या वाजवून ओरडत होती, “जुआ! जुआ!” मी म्हटलं, “माधवगंजात असं ओरडलीस तर जुगार समजून पोलीस येतील.” तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि दोरीला धरून उभी राहिली. दोरी हलत होती. वारा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात ती बसून शिकवायला लागली. पांढऱ्या साड्या ट्रंकेत गेल्या, गडद काढल्या. ऋचाला वाटलं लाल मातीमुळे. जेवण कमी झालं तर ऋचा म्हणाली इथलं पीठ सोसत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं आणि ते कोणीतरी दुसरंच सांगून टाकी. मी शिवत राहायचे.

परत यायला सहा दिवस उरले असताना वर्ग सुटल्यावर एक म्हातारी आली. सगळे तिला बिबी म्हणत, म्हणजे आजी. आमच्याच वयाची असेल. दोन रंगीत कापडं गुंडाळलेली, पाय चिरलेले, पाठ ताठ. सगळ्या मुली जाईपर्यंत ती दाराशी थांबली. मग नीमाच्या कानाशी बोलली. नीमाने ऋचाला सांगितलं, ऋचाने आम्हाला. बिबीची पाळी जाऊन खूप वर्षं झाली होती आणि आता पुन्हा रक्त जात होतं. तिला मुलींसारखा पॅड हवा होता.

मी कातरीने दोरे कापत होते. कापतच राहिले.

सिस्टर बिबीला म्हणाली, “पॅड देईन. पण ऐक. या वयात पुन्हा रक्त आलं तर ती पाळी नसते. दवाखान्यात जायचं. आज.”

बिबी म्हणाली, मक्याची कापणी झाली की जाईन. नातीला दिवस गेलेत, ती मोकळी झाली की जाईन.

“तोवर तू असशील का?” सिस्टरचा आवाज चढला. “सांग तिला ऋचा, गोड करून सांगू नकोस. विचार, कापणी कोणासाठी करतेस? नातीच्या बाळाला कोण घेणार?”

बिबीने ते ऐकून घेतलं. रागावली नाही. सिस्टरकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. ऋचाने तो सरळ मराठीत सांगितला. “ती विचारतेय, तुझं असं झालं असतं तर तू गेली असतीस का?”

“त्याच दिवशी,” सिस्टर म्हणाली.

मी मान वर केली नाही. माझी इथे बोलायची वेळ होती. ऋचा हाताच्या अंतरावर होती, मराठी समजणारी तिथे तीच एक. मी कातर खाली ठेवली आणि गप्प राहिले.

सिस्टर उठली, बिबीचं मनगट धरलं आणि शाळेच्या गाडीत नेऊन बसवलं. आम्ही सगळ्याच गेलो. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला दोघी म्हाताऱ्या सारख्याच ओठ आवळत होत्या. पुढे बसलेल्या ऋचाला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती. बिबीला आत घेतलं, तपासलं, भरती करायचं ठरवलं. मग ती कागद घेऊन बाहेर आली. बिबीला कोणी आणलं ते विचारलं. सिस्टर बाकावरून उठून पुढे झाली आणि भिंतीला टेकली. डॉक्टर बोलता बोलता थांबली. कागद काखेत धरला आणि अंगठ्याने सिस्टरची खालची पापणी ओढली.

इतकी वर्षं मी सिस्टरला हे दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं. तिला कोणी केलेलं पाहिलं नव्हतं. आत कागदासारखं पांढरं होतं.

डॉक्टर ऋचाशी इंग्रजीत बोलली. ऋचाने मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काकू, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कब से?”

“संक्रांतीच्या आधीपासून.”

“आणि तुम्ही कुछ नहीं बोलीं? इतके दिवस? मी रोज तुमच्यासोबत जेवत होते!”

“तिच्यावर ओरडू नकोस,” सिस्टर म्हणाली. “माझं ऐकलं तिने.”

“सगळे तुझंच ऐकतात ना, मावशी. हीच तर प्रॉब्लेम आहे.” ऋचा रडायला लागली आणि रडत रडतच फोनवरून परतीची तिकिटं बदलायला लागली. सिस्टर म्हणत होती, सहा दिवस राहू दे, टिचबटणं लावायची राहिलीत. कोणी ऐकलं नाही. नीमा मात्र तिच्याजवळ बाकावर बसली आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत राहिली.

ग्वाल्हेरला आल्यावर तिचं पोट उघडलं आणि कॅन्सर पसरलाय म्हणून परत शिवलं. सिस्टरने डॉक्टरला टाके दाखवायला लावले. मला म्हणाली, “तुझा हात बरा.” मला तिने दारात येऊ नको म्हटलं नाही. मी रोज जात होते. त्या लपवण्याबद्दल आम्ही बोललो नाही. ऋचाने एक दिवस मला फोन करून सांगितलं की बिबीचं ऑपरेशन झालं आणि ती घरी चालत गेली. सिस्टरने ते माझ्याकडून ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, “नातीचं काय झालं ते विचारलं नाहीस?”

तिचा बंगलोरचा मुलगा तिला तिकडे घेऊन जाणार असं ठरलं. वैशाखात ती तिकडेच वारली. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला सांगितलं, “चैत्रगौरीचं हळदीकुंकू करते. आळीतल्या बायका बोलाव.”

“तुझ्याकडे? हळदीकुंकू?” तिचा नवरा जाऊन वर्षं झाली होती.

“म्हणून तर येतील. बघायला.”

आल्या. खोली भरून जिन्यापर्यंत बसल्या. माझ्या सुनेने पन्हं केलं, आंब्याची डाळ वाटली. सिस्टरला उशा लावून बसवलं. तिने हातानेच सगळ्यांना गप्प केलं.

“मी नर्स आहे,” ती म्हणाली. “पाळी जाऊन बारा वर्षांनी मला रक्त दिसलं. दिवाळीत. ते काय असतं ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला एका ठिकाणी जायचं होतं. आता पोटभर पसरलंय. ही कमल. हिलाही माहीत होतं. हीही गप्प बसली, कारण तिलाही जायचं होतं.” मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. “आता विचारा काय विचारायचं ते.”

पेले खाली ठेवल्याचे आवाज झाले. कोणीतरी डाळ छान झालीय म्हणालं. ओल्या हरभऱ्याच्या ओट्या घेऊन बायका भराभर निघाल्या. काहींनी सिस्टरकडे न बघताच चपला शोधल्या.

एक मागे राहिली. मागच्या गल्लीतली, पन्नाशीची, माझ्याकडून कधीकधी ब्लाउज शिवून घेणारी. ती खाटेजवळ उकिडवी बसली आणि सिस्टरच्या कानाशी काही बोलली. सिस्टरने तिचं मनगट पकडलं.

“कमल, ऑटो आण.”

“उद्या सकाळी जाते ना,” ती बाई घाईने म्हणाली. “आज घरी पाहुणे आहेत. स्वयंपाक व्हायचाय.”

“कमल!”

मी धावले. ऑटो आणला, त्या बाईला दंडाला धरून खाली आणलं आणि आत बसवलं. तिच्या ओटीतले हरभरे रस्त्यावर सांडत होते. ऑटोवाला पुढच्या गाडीवाल्याशी बोलत उभा होता. मी वर पाहिलं. आठवडाभर खाटेवरून न उठलेली सिस्टर जिन्याच्या तोंडाशी आली होती. दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. तोंड राखेसारखं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या बाईकडेही नाही. तिची नजर ऑटोवाल्यावर होती.

“अरे भैया,” ती सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या जोराने ओरडली, “खड़े क्या हो? चलाओ!”